जो दारी आलाच नाही



भूतदयेवर निरूपण करायचे म्हटले की आम्हा कीर्तनकारांचे दृष्टांत ठरलेले. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाला टोचेल म्हणून. नाथबाबांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. तुकोबाराय शेत राखायला बसले, पण कणसावर उतरलेल्या पाखरांना हाकलणे काही त्यांच्याने होईना.

चाळीस वर्षे मी हे दृष्टांत सांगितले. गिरगावच्या वाड्यांत, लालबाग-परळच्या चाळींच्या चौकांत, दादरच्या देवळांत. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत, सांगणाऱ्याचेही. त्यात नाटक नव्हते. आता गळा थकला, दोन तास उभे राहवत नाही, कीर्तनाला जातो तो खुर्ची मागून बसतो. बसलेल्या माणसाला जे दिसते ते कधी कधी उभ्याला दिसत नाही. मला दिसले ते असे, की या सगळ्या दृष्टांतांत तो जीव आधी समोर येतो. कुत्रा दारात येतो, गाढव वाटेत पडलेले असते, पाखरे शेतावर उतरतात, आणि मग संतांचे हृदय द्रवते. मग जो समोर आलाच नाही त्याचे काय? जो जन्मलाच नाही, कारण जन्मायला जागा उरली नाही, त्याच्यासाठी तुपाची वाटी घेऊन कोणी कुठे धावायचे?

हा प्रश्न मला पोथीने घातला नाही. एका उंबराने घातला.

लालबागच्या एका वाडीत देवळामागे तो उंबर होता. वाडीचे नाव सांगत नाही. लोक भाविक आहेत आणि दोष माझा आहे. चैत्रात तिथे अखंड हरिनाम सप्ताह बसे. नेमकी तेव्हाच उंबरे पिकत. फळांचा सडा पडायचा, पायाखाली चिकट व्हायचे, माशा घोंघावायच्या, सतरंजीला डाग पडायचे. एका वर्षी एक टाळकरी घसरला, मनगट सुजले. मंडळाची पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, "महाराज, झाड तोडायचे पाप नको, पण यावर काहीतरी करू या." मी म्हणालो, "तोडू नका. फांद्या उतरवून घ्या." झाड तोडायला कायद्याची आडकाठी असते, १९७५ सालापासूनचा कायदा आहे, छाटणीची परवानगी त्या मानाने लवकर मिळते. ती मिळाली. माणसे आली आणि सायंकाळपर्यंत नुसते खोड उभे राहिले, मुंडण केल्यासारखे.

त्याच रात्री माझे निरूपण होते. विषय होता ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसा.

आपल्यापैकी ज्यांनी तो भाग वाचला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्ञानाची लक्षणे सांगताना माउली अहिंसेपाशी थांबतात आणि फार वेळ थांबतात. खरी अहिंसा सांगण्याआधी खोटी कोणती ते सांगतात. झाडाच्या फांद्या तोडून त्यांचेच बुंध्याला कुंपण घालावे, आपलाच हात तोडून शिजवावा आणि भूक भागवावी, देऊळ पाडून त्याच दगडांची देवाभोवती भिंत बांधावी, तशी ती अहिंसा आहे, असे त्यांचे म्हणणे. रोग्याला वाचवायचे म्हणून झाडे मुळासकट उपटणाऱ्या आणि सालीला हात घालणाऱ्या वैद्यकालाही ते सोडत नाहीत. मग ज्ञानी पुरुष कसा चालतो ते येते. अणूएवढ्या जिवालाही धक्का लागू नये म्हणून तो पावले जणू दयेने झाकून टाकतो.

हे सारे मी त्या रात्री सांगितले. फांद्या तोडून बुंध्याला कुंपण हा दृष्टांत तर खुलवून खुलवून सांगितला. आणि माझ्या पाठीमागे, मांडवाच्या कनातीपलीकडे, फांद्यांचा ढीग पडलेला होता. कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही. वाचकहो, अज्ञान म्हणजे अक्षरशत्रुत्व नव्हे. पाठ असलेली ओवी पाठीमागे घडत असताना न दिसणे, हे मी अनुभवलेले अज्ञान.

दोन पावसाळ्यांत झाड वाळले. वाळलेले झाड धोक्याचे, म्हणून तेही रीतसर उतरवले. कागद पाहाल तर कोणीच झाड मारलेले नाही.

पुढच्या सप्ताहात दुपारच्या वेळी मृदंगाचार्य माझ्याशेजारी पानतंबाखू घेऊन बसले होते. म्हणाले, "महाराज, आपला तो लयीचा पक्का यंदा आला नाही वाटते." ते तांबट पक्ष्याविषयी बोलत होते. हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळ तांबडे, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्-टुक् आवाज, एका लयीत, तासन्‌तास. दर चैत्रात तो त्या उंबरावरून ठेका धरत असे. आम्ही थट्टेने त्याला अकरावा टाळकरी म्हणत असू. तो कोणी मारला नव्हता. तो फक्त आला नव्हता.

दादरला माझ्या कीर्तनाला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई येत. त्यांना मी हा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, "महाराज, रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही एक झाड नाही घालवलेत, एक गाव उठवलेत." आणि मग त्यांनी मला उंबर समजावला, जो मी दत्तात्रेयांचे झाड म्हणून आयुष्यभर प्रदक्षिणेपुरता ओळखत होतो.

उंबराचे फूल दिसणे म्हणजे अलभ्य लाभ, असे आपण म्हणतो. बाई म्हणाल्या, फूल असते, शेकड्यांनी असतात, पण ती फळाच्या आत असतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती बंद दाराची ओवरीच, आत सारी फुले. दार म्हणजे देठासमोरच्या टोकाला एक बारीक छिद्र. त्या फुलांना परागकण कोण पोहोचवणार? वारा आत जात नाही, मधमाशी जात नाही. जाते ती गांधीलमाशीच्या कुळातली एक इवलीशी माशी, चिलटाएवढी. तिला आत शिरताना इतके दाटते की पंख गळून पडतात. म्हणजे परतीची वाट संपली. ती आत पराग देते, अंडी घालते आणि तिथेच देह ठेवते. तिच्या पोटच्या नरांना पंखच नसतात. ते बंद खोलीत जन्मतात, बहिणींसाठी बाहेरची वाट पोखरतात आणि मरतात. त्या वाटेने नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दीड-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरा उंबर शोधतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. एकमेकांकडे त्यांचे चालत नाही. माशी नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर माशीला घर नाही.

उंबर फोडला की किडे निघतात म्हणून आपण तोंड वाकडे करतो. तो किडा त्या झाडाचा वारकरी आहे. ठरलेल्या वाटेने येतो, ठरलेल्या दारात देह ठेवतो.

आणि त्या फळांवर कोण कोण जगते याची यादी बाई सांगू लागल्या, तेव्हा मला आमच्या सप्ताहाची पंगत आठवली. तांबट, बुलबुल, कोकीळ, मैना, हळद्या, रात्री वटवाघळे. खाली पडलेल्यावर मुंग्या, माश्या, फुलपाखरे. इतर झाडे वर्षातून एकदा फळतात. उंबर वर्षात अनेकदा फळतो, उन्हाळ्यातही. तांबट तर वाळलेल्या, मऊ झालेल्या फांदीत भोक पाडून त्यात घर करतो. आम्ही छाटणीत आधी वाळक्या फांद्या उतरवल्या, कारण त्या धोक्याच्या दिसत होत्या. त्याचे ताट नेले आणि खोलीही नेली.

तेव्हापासून या शहरातून चालताना मला एक वेगळीच पीडा लागली आहे. गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. बोरभाट आहे, मुगभाट आहे. भाट म्हणजे मळा-बाग. खेतवाडी आहे, तिथे खेत नाही. पुढे बाभुळनाथ, ताडदेव, चिंचपोकळी, चिंचबंदर. उमरखाडीला उंबर होते म्हणतात. वडाळ्याला वड. आषाढी एकादशीला ज्या मुंबईकराला पंढरपूर गाठता येत नाही तो वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत उभा राहतो, त्या गावाच्या नावातच झाड आहे. आपल्या संप्रदायात नाम आणि नामी यांत भेद नाही. नाम घेतले की तो आलाच, हा आपला सिद्धांत. इथे मात्र बस कंडक्टर दिवसातून शंभरदा ताडाचे नाव घेतो, चिंचेचे नाव घेतो, वडाचे नाव घेतो, आणि कोणी येत नाही. नामी निघून गेला, नाव पाटीवर राहिले. अशा नावाला मी नामस्मरण म्हणू, की श्राद्धाच्या वेळी घ्यायचे नाव म्हणू, हे ठरवता येत नाही.

आता पूर्वपक्ष मांडला पाहिजे, नाहीतर हे रडगाणे होईल.

पहिला आक्षेप आपल्यातल्याच वेदांत्याचा. आत्मा मरत नाही, गीतेचा दुसरा अध्याय हेच सांगतो. देह येतात, जातात. एक जात गेली, दुसरी येईल. चौऱ्यांशी लक्ष योनींत नऊ लक्ष जलचर, वीस लक्ष स्थावर, अकरा लक्ष कृमी, दहा लक्ष पक्षी, तीस लक्ष पशू आणि चार लक्ष माणसे असा हिशेब आहे. अकरा लक्षांतला एखादा किडा वजा झाला तर काय बिघडले?

हा हिशेब मी एकदा परळला कीर्तनात सांगितला, तेव्हा पुढच्या रांगेतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा उठून म्हणाला, "महाराज, योनीच संपल्या तर जीव जाणार कुठे?" लोक हसले. मीही हसलो आणि गजर घेतला. कीर्तनकाराला उत्तर सुचले नाही की गजर घेता येतो, ही आमची सोय आहे. पण त्या मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शास्त्राने योनी मोजल्या त्या उगाच नाही. प्रत्येक योनी म्हणजे या विश्वाकडे पाहायची एक खिडकी. उंबराच्या माशीला विश्व जसे दिसते तसे ते आणखी कोणालाही दिसत नाही. ती गेली की ती खिडकी बंद झाली. आत्मा उरतो हे खरे, पण त्याला तिथून पाहता येत नाही.

शिवाय, देह क्षुल्लक आहे असे म्हणायचा अधिकार वारकऱ्याला नाही. आपण सगुणाचे उपासक. आपला देव कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे, आणि त्या रूपासाठी आपण दर्शनबारीत पंधरा-पंधरा तास उभे राहतो. रूप गेले तरी तत्त्व उरते, एवढ्यावर आपले समाधान होत असते तर पंढरपूरला जायचे कारणच नव्हते. मग तांबटाचे रूप गेले, सुरवंटाचे रूप गेले, तेवढ्यापुरतेच आपण वेदांती का व्हावे?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो मी स्वतः अनेक वर्षे मानत आलो. माणसालाच राहायला जागा नाही, तिथे माशीचे काय घेऊन बसलात? बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. मीही दहा बाय बाराच्या खोलीत संसार केला आहे; सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहून पाठांतर केले आहे. त्या माणसाला, झाडासाठी तुझी इमारत थांबव, असे सांगायला माझी जीभ उचलणार नाही.

पण हा वाद खरोखर माणूस आणि झाड यांच्यातला होता का, ते गिरणगावात पाहा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, त्यांतले कितीतरी आपले माळकरी. सातारा-कोकणातून आलेली, गिरणीची पाळी करून रात्री चाळीत भजनाला बसणारी ही माणसे. गिरण्या पुढे बंदच पडल्या. मोठ्या मोठ्या आवारांत कोणाचे पाऊल पडेना. तेव्हा मी एका बंद गिरणीच्या भिंतीलगतच्या वाटेने कीर्तनाला जात असे. धुराड्याच्या फटीतून पिंपळ आला होता. आतल्या तळ्यावर पावसाळ्यात चतुर इतके उडत की हवा थरथरल्यासारखी दिसे. संध्याकाळी गव्हाणी घुबड भिंतीवरून पांढरी घोंगडी झटकल्यासारखे जाई. माणसाचे घर उजाडले होते आणि त्यात हे जीव राहायला आले होते. ते पाहून मला आनंद होत नसे. त्या आवारात ज्यांची हाडे झिजली, ती माणसे माझ्यापुढे श्रोते म्हणून बसत, आणि त्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत होती.

मग त्या जमिनींचे काय झाले? १९९१ च्या नियमात तीन वाटे होते: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक सरकारी घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे करायचे ते आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचेच, गिरणीच्या इमारती उभ्या आहेत त्या जमिनीचे नाहीत. प्रकरण वरपर्यंत गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. नीट पाहा, वाचकहो. ज्या फटक्यात बागेचा वाटा आटला, त्याच फटक्यात गरिबाच्या घराचा वाटाही आटला. पाखराचा वाटा कामगाराला मिळाला असता तर मी गप्प बसलो असतो. दोघेही एकाच कागदावर कमी झाले. कामगाराची पोरे विरारला गेली, बदलापूरला गेली. चतुर कुठे गेले ते विचारायला कोणी उरले नाही. आणि त्या जागी जे मनोरे आले त्यांच्या पायथ्याशी जी हिरवळ आहे ती इतकी स्वच्छ आहे की तिच्यात एक नाकतोडा नाही. दर आठवड्याला औषध मारतात.

औषधावरून आठवले. आपल्याला भोक पडलेले पान चालत नाही. शंकराला बेल वाहताना आपण त्रिदळ अखंड आहे ना ते पाहतो, कीड लागलेले बाजूला काढतो. पूजेच्या ताटापुरते ते ठीक आहे. पण तीच दृष्टी आपण झाडावर नेली आणि मग साऱ्या शहरावर नेली. बेल, लिंबू, कढीपत्ता हे एका कुळातले. मोठ्या काळ्या पंखांची कितीतरी फुलपाखरे याच कुळाच्या पानांवर अंडी घालतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे आपले राज्य फुलपाखरू ठरवले, त्यालाही लिंबाच्या कुळातलेच पान लागते. फुलपाखरू कोणत्याही फुलावर बसेल, पण सुरवंटाला ठरलेलेच पान हवे. मारुतीला वाहतो त्या रुईच्या पानावर एका जातीचे सुरवंट वाढतात. त्यांना तुम्ही गुलमोहर दिलात तर ते उपाशी मरतील.

मुंबईच्या रस्त्यांवर आपण काय लावले? गुलमोहर, तो मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष, तो दक्षिण अमेरिकेचा. गिरिपुष्प, तेही त्याच बाजूचे. दिसायला सुंदर आहेत, सावली देतात, मी त्यांचा द्वेष करत नाही. परका म्हणून कोणाला दूर लोटायचे हे आपल्या वाळवंटात बसत नाही. एकादशीला आपण जो साबुदाणा खातो त्याचा कंददेखील दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे, आणि तो खाऊन आपली एकादशी मोडलेली नाही. प्रश्न पाहुण्याचा नाही. पाहुण्याला जागा देताना घरच्याला अंगणाबाहेर काढले, हा प्रश्न आहे. इथल्या किड्यांची इथल्या पानांशी ओळख हजारो वर्षांची. नव्या पानाशी ओळख व्हायला तितका वेळ त्यांना कोण देणार? आमच्या वाडीत उंबराच्या बदली दोन झाडे लावली गेली. दोन्ही शोभेची. वहीत एकाची दोन झाली, पुण्य दुप्पट झाले. तांबटाच्या लेखी शून्य.

आणि आपली दया काय करते? दाणे टाकते. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, लोक चिडले, काही रडले, प्रकरण हायकोर्टात गेले. आजाराचे म्हणणे काय, श्रद्धेचे काय, त्यात मी शिरत नाही. दाणे टाकणाऱ्या हातांत खोट आहे असेही म्हणणार नाही. मला त्या काळात बाईंनी सांगितलेली दुसरीच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. कबूतर मुळात कड्या-कपारीचे पाखरू. इमारतींचे सज्जे म्हणजे त्याला कडेच. आणि ते पिलांना आपल्या गळ्यातून दुधासारखा रस पाजते. म्हणजे दाणे मिळाले की त्याचे घर चालते. चिमणीचे तसे नाही. चिमणी दाणे खाते, पण तिची पिले दाण्यांवर जगत नाहीत. त्यांना मऊ किडे, अळ्या लागतात, दिवसभर, चोचीमागून चोच. म्हणून तांदळाची मूठ टाकून आपण कबुतरे वाढवली आणि चिमणीसाठी हळहळलो. चिमणीला मूठ नको होती. तिला अळी हवी होती, अळीला पान, पानाला झाड, झाडाला माती. ही सारी साखळी आपण फरशी घालून बंद केली आणि फरशीवर दाणे टाकले.

इथे मला माझ्या पहिल्या प्रश्नाचा धागा सापडला. दाणे टाकणे ही समोर आलेल्यावरची दया. न आलेल्यावरची दया अशी हातातून देता येत नाही. ती जागा सोडून द्यावी लागते. थोडी माती उघडी ठेवावी लागते, एखादी वाळकी फांदी राहू द्यावी लागते, पानाला भोक पडले तर पडू द्यावे लागते. देण्यापेक्षा हे अवघड, कारण यात आपल्याला कोणी देताना पाहत नाही, आणि घेणाराही बहुधा आपल्याला दिसत नाही. माउलींचा ज्ञानी पावले दयेने झाकून चालतो, ते ज्या जिवासाठी, तो जीव त्यालाही दिसलेला नसतो. हे मी इतकी वर्षे सांगत होतो आणि अर्थ मात्र दिसलेल्या मुंगीपुरता लावत होतो.

खेतवाडीत १८९६ साली जन्मलेल्या एका मुलाची गोष्ट आपण ऐकली असेल. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा होता. ही नेहमीची नव्हे, मग कोणती, एवढे विचारण्यासाठी तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे डॉ. सालिम अली झाला. मारणारा हात विचारू लागला, एवढ्याने एक आयुष्य बदलले. मी त्या उंबराविषयी विचारले ते झाड गेल्यावर. पण विचारले.

त्या बाईंनी मला एकदा धारावीजवळ मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेले. ३७ एकर. पूर्वी तिथे शहराचा कचरा पडत असे. १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडले. कचऱ्याच्या ढिगावर माती घातली, झाडे लावली, आणि मग काय केले असे मी विचारले. बाई म्हणाल्या, "मग वाट पाहिली." एका झाडाखाली आम्ही बसलो. वरून टुक्-टुक् सुरू झाले. माझा उजवा हात आपोआप मांडीवर पडू लागला, सवयीने. आमच्या वाडीतला तो हाच, असे म्हणणे भाबडेपणा होईल. पण मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि क्षमा मागितली. त्याने ठेका सोडला नाही.

आता घरची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या गॅलरीत कुंडीत कढीपत्ता आहे. श्रावणात सूनबाईंनी पाहिले, तर पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलेले. झटकायला गेल्या तर ते हलले. मला हाक मारली. मी म्हणालो, "राहू द्या. तो फुलपाखराचा सुरवंट असावा." त्या म्हणाल्या, "अहो बाबा, फोडणीला पान उरणार नाही." मी म्हणालो, "बाजारातून आणू." पंधरा दिवसांत सुरवंट हिरवा झाला, बोटाएवढा झाला, आणि कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. सूनबाई रोज सकाळी काड्यांकडे पाहून काहीबाही बोलत आणि संध्याकाळी नातवाला उचलून तो किती वाढला ते दाखवत. मग तो दिसेनासा झाला. कुठे कोश केला, की कावळ्याने नेला, कळले नाही. नातू अजून विचारतो.

कढीपत्त्याला आता नवी पालवी आली आहे. काल पाहिले, तर तिच्यातल्या एका पानाला मोहरीएवढे भोक आहे. मी अजून सूनबाईंना सांगितलेले नाही.